संगणकाच्या नोकरीत नेमकं काय बघतात?

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतले असून बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



आजचा विषय मी निवडलेला नाही, तो तुम्हीच निवडला. गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या ग्रुपवरच्या मंडळींचे मला जे वेगळे फोन आले, त्यांतले निम्मे एकाच विषयावर होते. "पोरगं बीसीए झालं, आता काय करू?" "पोरीला आयटीत टाकू का नको? आता तर ते एआय सगळं खाऊन टाकते म्हणतात." "पुण्याला एक क्लास आहे, दीड लाख मागून रायले, नोकरीची हमी देतात, भरू का?" प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगण्यापेक्षा सगळ्यांसमोर एकदाच बोल, असं संयोजकांनी सुचवलं आणि वीस मिनिटं दिली. मागच्या रांगेत बसलेल्यांना झोप आली तर त्यांनी खुशाल झोपावं, इतिहासाच्या तासाला झोपायचात तसं. (हशा)

मी नागपूरला ज्या कंपनीत काम करते, ती दवाखान्यांसाठी, सहकारी संस्थांसाठी आणि काही सरकारी कामांसाठी माहिती प्रणाली उभ्या करते. नव्या मुलामुलींच्या मुलाखती घेण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. त्यामुळे टेबलाच्या पलीकडून काय दिसतं, तेवढंच मी सांगू शकते.

आधी 'माहिती प्रणाली' हा जड शब्द हलका करून घेऊ. डोळ्यांसमोर वडसा आणा. दिवाळी झाली की झाडीपट्टीत मंडई, शंकरपट आणि नाटकं सुरू होतात. नाटक कंपन्यांची बुकिंगची कार्यालयं वडशात. गावची मंडळी येतात, तारीख ठरवतात, नाटक निवडतात, इसार देतात. कंपनी आज एका गावात, उद्या चाळीस कोसांवरच्या दुसऱ्या गावात. आता कार्यालयातल्या माणसाच्या वहीत काय काय हवं? तारीख, गाव, नाटक, कोणती नटी, कोणता ऑर्गनवाला, कोणता तबलजी, पडदे नेणारा ट्रक, मिळालेला इसार, राहिलेली रक्कम. एकच नटी एकाच रात्री सिंदेवाहीकडे आणि कुरखेड्याकडे लागली, तर एका गावात रात्री दहाला दगडं पडणार! ती वही अशी आखलेली हवी की हा घोळ नाटकाच्या रात्री नाही, बुकिंगच्या दिवशीच दिसला पाहिजे. हीच माहिती प्रणाली. संगणक त्यात नंतर आला.

प्रोग्राम लिहिणारा हा गवंडी आहे असं समजा. माहिती प्रणालीचा माणूस ठरवतो की वहीत रकाने कोणते, ती कोण भरणार, कधी भरणार, आणि चुकलं तर कुठे कळणार. कोळसा खाणीच्या काट्यावर भरलेल्या ट्रकचं वजन होतं, त्यातून रिकाम्या ट्रकचं वजा होतं, आणि तो आकडा पुढे बिलापर्यंत जातो. दुर्गापूरच्या वीज केंद्रात २९२० मेगावॅटची यंत्रं आहेत. त्यांना लागणाऱ्या कोळशाचा हिशोब, रेशन दुकानातलं अंगठ्याचं यंत्र, तलाठ्याचा ऑनलाइन सातबारा, सगळीकडे हेच. त्यामुळे हे काम फक्त पुण्या-बंगळुरूचं आहे असं समजू नका.

आता कोर्सबद्दल. काय यायला हवं हे विचारता, तर ते पटकन सांगून टाकते, कारण त्यात गुपित काही नाही. डेटाबेसला प्रश्न विचारायची एसक्यूएल ही भाषा चांगली यावी. एक्सेल खरोखर यावं, नुसतं उघडता येऊ नये. पायथॉन किंवा जावा यांपैकी एक भाषा यावी. नेटवर्क आणि सुरक्षा यांची तोंडओळख असावी. आणि एक गोष्ट जी क्लासवाले सांगत नाहीत: जमाखर्च. नावे आणि जमा यांतला फरक ज्याला कळतो, तो कुठल्याही कंपनीच्या प्रणालीत इतरांपेक्षा लवकर रुळतो. आपल्या वर्गातल्या ज्यांनी कॉमर्सवाल्यांना कमी समजलं, त्यांनी आता माफी मागावी. हे सगळं म्हणजे नाट्यगृहाचं तिकीट. तिकीट नसेल तर आत सोडत नाहीत, पण तिकीट दाखवलं म्हणून कुणी टाळ्या वाजवत नाही.

मुलाखतीत मी एक कागद देते. जवळपास चारशे माणसांची यादी. नाव, गाव, जन्मतारीख, दवाखान्यात आल्याची तारीख. सांगते, "यावरून रुग्णांचं सरासरी वय काढायचं आहे. पंधरा मिनिटं घे. काढण्याआधी मला काय विचारशील ते सांग." बहुतेक जण मान खाली घालून वय काढायला लागतात. काहीजण तर दशांश चिन्हापुढे दोन आकड्यांपर्यंत काढून देतात. फार थोडे थांबतात आणि विचारतात, "मॅडम, १ जूनला जन्मलेले एवढे कसे?" (हशा)

हसलात ना? कारण तुम्हाला माहीत आहे. आपल्या वर्गात १ जून आणि १ जुलै मिळून किती वाढदिवस होते ते आठवा. आईबापाला तारीख सांगता आली नाही की गुरुजी अंदाजे वर्ष धरून १ जून टाकत. सर, मी तुमच्याकडे बघून बोलत नाहीये. (हशा) शाळेत घालायचं होतं, पोर वर्गात बसणं महत्त्वाचं होतं, तेव्हा ते योग्यच केलंत. पण तीच तारीख पुढे दाखल्यावर, आधारवर, पेन्शनच्या कागदावर गेली. ज्यांना वर्षही माहीत नसतं ते वय सांगताना पंचेचाळीस, पन्नास, साठ असं पाचाच्या पटीत सांगतात. जनगणनेच्या आकड्यांतही शून्य आणि पाच यांवर संपणाऱ्या वयांचे असे ढीग दिसतात. म्हणजे ते सरासरी वय दशांशापर्यंत काढून काय उपयोग, जर खालचा आकडाच गुरुजींनी बसवलेला असेल?

एकदा चामोर्शीकडची एक मुलगी आली होती. जावा तिला बेताचीच येत होती, इंग्रजी अडखळत होतं. तिनं कागद पाहिला आणि म्हणाली, "यातल्या १ जूनवाल्यांचं वय मी वेगळं काढीन. माझ्या आजोबाची पण हीच तारीख आहे, आणि आजी म्हणते ते पोळ्याला झाले." आम्ही तिला घेतलं. जावा ती तीन महिन्यांत शिकली. आकडा कुठून आला हे विचारण्याची सवय मात्र तीन महिन्यांत लावता येत नाही. निदान मला तरी कुणाला लावता आलेली नाही.

दुसरा प्रसंग एका मोठ्या दवाखान्यातला, नाव घेत नाही. औषधसाठ्याचा हिशोब जुळेना. पडद्यावर शंभर इंजेक्शनं, कपाटात ऐंशी. व्यवस्थापन म्हणे सॉफ्टवेअर खराब, आमचे प्रोग्रामर म्हणत नर्स नोंद करत नाहीत, आणि नर्सेसना वाटे आपल्यावर चोरीचा आळ घेतायत. तीन बैठका झाल्या, तिन्हीत आवाज चढले. आमच्याकडे मूलकडचा एक नवा पोरगा होता. तो कुणालाही न सांगता दोन रात्री वॉर्डात जाऊन बसला. नर्सेसना "ताई, मला फक्त बघू द्या" म्हणाला. चहा प्याला, बघत राहिला. त्याला दिसलं की रात्री औषधभांडार बंद असतं, म्हणून नर्सेसनी एका कपाटात तातडीची औषधं ठेवलेली आहेत. रात्रभर त्यातून घेतात, वहीत लिहितात, आणि सकाळी पाळी बदलताना वेळ मिळाला तर सगळं एकदम संगणकात टाकतात, तेही कधी आदल्या तारखेला, कधी आजच्या. चोरी नव्हती, खराबीही नव्हती. प्रणालीला ते कपाटच माहीत नव्हतं! त्यानं येऊन सांगितलं, "कपाटाला वेगळं भांडार म्हणून नाव द्या. भांडारातून कपाटात आणि कपाटातून रुग्णाला, अशा दोन नोंदी करा." काम दीड दिवसाचं होतं. हिशोब जुळायला लागला, आणि त्याहून मोठं म्हणजे त्या बायांवरचा संशय गेला.

आता असा पोरगा कुठल्या कोर्समधून तयार होतो? जाहिरातीत लिहितात 'संवादकौशल्य आवश्यक'. लोकांना वाटतं टाय लावून इंग्रजीत बोलणं. ते नाही हो. रात्री दोन वाजता दमलेल्या नर्सला न दुखावता तिचं काम बघता येणं, हे ते कौशल्य.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण तर आपल्या शेजारीच आहे, आणि त्यात संगणक नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' सुरू केली, हे तुम्हाला माहीतच आहे. लहान बाळांना न्यूमोनिया झाला का हे ओळखायची एक सोपी खूण म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेत असेल तर धोका. त्याहून मोठ्या बाळाला मर्यादा कमी. पण हे बघायचं कुणी? गावातल्या दाईनं. तिच्याकडे घड्याळ नाही आणि साठपर्यंत न चुकता मोजणं तिला अवघड. शहरातल्या माणसानं काय केलं असतं? दाईला मोजायला शिकवण्याचं प्रशिक्षण ठेवलं असतं, आणि ती चुकली की तिलाच दोष दिला असता. 'सर्च'नं एक साधं उपकरण बनवलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ, आणि त्याच्यासोबत दोन वयोगटांसाठी मण्यांच्या दोन रांगा. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता आलं की पुरे!

मी नव्या मुलांना हे सांगते तेव्हा म्हणते, 'वापरायला सोपी प्रणाली' म्हणजे काय याच्यावर जाडजूड पुस्तकं आहेत, पण आधी हा लाल मणी समजून घ्या. वापरणाऱ्याला काय येतं तिथून सुरुवात करायची, आपल्याला काय येतं तिथून नाही.

आणि त्याच कामाची दुसरी बाजू म्हणजे मोजदाद. नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा त्यांचा प्रयोग ३९ गावांत झाला, आणि तुलनेसाठी वेगळी ४७ गावं धरली. प्रत्येक गरोदरपण, प्रत्येक जन्म, प्रत्येक मृत्यू गावातच नोंदला गेला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: प्रयोगाच्या गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आला. पुढे २०११ पासून आशाताई देशभर नवजात बाळांच्या घरी जाऊ लागल्या, त्यामागे हे काम आहे. आता विचार करा, मेलेल्या बाळांची नोंद आधी नीट झालीच नसती, तर ती कमी झाली हे कुणाला कळलं असतं? दवाखान्यात न पोचता घरी गेलेलं बाळ कुठल्याच रजिस्टरात येत नाही. २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' हा अहवाल आला, त्याचा गाभा हाच होता की महाराष्ट्रात प्रत्यक्षात होणारे बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी जास्त आहेत.

वाघांचंही तसंच झालं. पूर्वी पावलांच्या ठशांवरून गणना व्हायची. ठसा उमटवून घ्यायचा आणि अनुभवी माणसानं सांगायचं, हा अमुक वाघ. २००५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्कात कागदावर वाघ होते आणि जंगलात एकही नव्हता, हे उघड झालं. त्यानंतर पद्धत बदलली आणि २००६ पासून कॅमेऱ्यांवर भर आला. वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधतात. काहून? तर वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात. एकाच बाजूचे फोटो असतील तर एका वाघाचे दोन होऊ शकतात. ताडोब्यात हे कॅमेरे बांधणारे वनरक्षक आपल्या गावागावांतली पोरं आहेत. त्यांना कुणी 'माहिती तंत्रज्ञ' म्हणत नाही, पण 'एकाच गोष्टीची नोंद दोनदा होऊ नये' हा आमच्या धंद्यातला पहिला नियम ते रोज जंगलात पाळतात.

इथे एक कडू गोष्ट सांगायला हवी. सगळ्याच मालकांना खरा आकडा हवा असतो असं नाही. जाहिरातीत 'सचोटी' लिहिलेलं असतं, आणि नोकरी लागल्यावर कुणीतरी म्हणतं, एवढा रिपोर्ट जरा बरा दिसेल असा करून दे. माझ्याकडच्या मुलांवर अशी वेळ आली आहे, पुढेही येईल. मी त्यांना शूर व्हायला सांगत नाही. घरी कर्जाचे हप्ते असतात. मी सांगते, आकडा जसा आहे तसा, कुठून आणि कसा आला यासह, लेखी आणि लवकर कळव. बैठकीत चारचौघांत नाही, आधी वरिष्ठाला एकट्याला. त्यानंतर कुणाला बदलायचा असेल तर त्यानं स्वतःच्या हातानं बदलावा. चांगला मालक अशा माणसाला सोडत नाही, आणि वाईट मालकाकडून तो माणूस स्वतःच वर्षा-दोन वर्षांत निघतो. हे मी पुस्तकातलं सांगत नाही.

आपल्या भागातल्या पोरांकडे काय जास्तीचं आहे, हेही सांगते, कारण तुमच्या फोनवरच्या आवाजात मला नेहमी एक कमीपणा ऐकू येतो. "आपलं पोट्टं चंद्रपूरचं, पुण्याच्या पोरांसमोर टिकेल का?"

नावांचं घ्या. मडावी, आत्राम, उईके, उसेंडी. इंग्रजीत एकाच माणसाचं मडावी एका कागदावर 'व्ही' घालून, दुसऱ्यावर 'डब्ल्यू' घालून. आत्रामला कुठे एक 'ए', कुठे दोन. उईकेला शेवटी 'वाय' कधी असतो, कधी नसतो. यंत्र म्हणतं ही दोन वेगळी माणसं आहेत, आणि त्या माणसाचे पैसे बँकेत अडकतात. मग गावांची नावं. आपल्याकडे एकाच नावाचं गाव 'माल' असतं, 'चक' असतं, 'तुकूम' असतं, आणि 'रिठ' असतं जिथे माणूसच राहत नाही, नुसतं नाव कागदावर. बाहेरून आलेला तंत्रज्ञ हे चार वेगळे आहेत हे ओळखत नाही. नाव सारखं दिसलं की एक करून टाकतो. म्हणून तर सरकारनं प्रत्येक गावाला वेगळा सांकेतांक दिला आहे. पण सांकेतांक टाकणाऱ्या माणसाला रिठ म्हणजे काय हे माहीत असेल, तरच तो योग्य ठिकाणी पडतो.

आणखी एक. पुण्यात बनवलेलं अ‍ॅप आम्ही इकडच्या मुलीला दाखवलं की तिचा पहिला प्रश्न असतो, "नेट गेलं तर?" तिनं पाहिलेलं असतं की पर्लकोटेला पूर आला की भामरागड जगापासून तुटतं. धान रोवून रोवून आणि तेंदूपत्ता बांधून बोटांच्या रेषा झिजलेल्या बाईचा अंगठा रेशनच्या यंत्रावर उमटत नाही, हेही तिनं रांगेत उभं राहून पाहिलेलं असतं. हे ज्ञान विकत मिळत नाही. फक्त तिला हे ज्ञान आहे असं कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून ती मुलाखतीत ते बोलत नाही आणि पाठ केलेली व्याख्या सांगत बसते.

भाषेचंही तसंच. गडचिरोलीचं पोरगं घरी गोंडी किंवा माडिया, शाळेत मराठी, बाजारात हिंदी; सिरोंच्याकडचं तेलुगू बोलतं, मुलचेऱ्याकडे बंगाली, कोरचीकडे छत्तीसगढी. अशा पोराला आपण इंग्रजी येत नाही म्हणून खाली मान घालायला लावतो. इंग्रजी लागतं, मी नाही म्हणत नाही. कामापुरतं वाचता-लिहिता यायलाच हवं. पण ते वर्षभरात येतं. लिहिण्याबाबत मात्र मी कडक आहे. आमच्या मराठीच्या बाई इथे बसल्या आहेत. बाई, तुम्ही सारांशलेखन करून घ्यायचात, एक तृतीयांश शब्दांत, मूळ अर्थ न सोडता. आम्ही किती कुरकूर करायचो! आज मी नव्या माणसाकडून पहिल्या महिन्यात हेच करून घेते. तासाभराची बैठक झाली की एका पानाची टीप: काय ठरलं, कुणी करायचं, कधीपर्यंत, आणि कशावर एकमत झालं नाही. शेवटचा भाग लिहायला सगळे विसरतात, आणि पुढची भांडणं नेमकी तिथूनच निघतात.

आता एआय. हो, साधा प्रोग्राम ते लिहून देतं, आमच्याकडेही वापरतात. ज्यांचं काम फक्त सांगितलेलं टंकित करणं होतं, त्यांना धोका आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. जागतिक आर्थिक मंचाचा २०२५ चा नोकऱ्यांविषयीचा अहवाल म्हणतो की आज कामाला लागणाऱ्या कौशल्यांपैकी ३९ टक्के २०३० पर्यंत बदलतील किंवा जुनी होतील. त्याच अहवालात मालकांना सर्वांत महत्त्वाचं काय वाटतं, तर विश्लेषण करून विचार करणं. दहापैकी सात कंपन्यांनी ते अत्यावश्यक म्हटलं. एआयला मी तो १ जूनचा कागद दिला, तर ते कदाचित एवढ्या तारखा सारख्या का हे विचारेलही. पण रात्री वॉर्डात जाऊन कपाट शोधायला त्याला पाय नाहीत.

दीड लाखाच्या क्लासबद्दल विचारलंत. नोकरीची हमी देणाऱ्याकडून ती हमी लेखी मागा, किती पगाराची, कुठल्या कंपनीत, आणि नाही लागली तर पैसे परत कधी. बहुतेक ठिकाणी तिथेच बोलणं संपतं. पोराला खरंच आवड असेल, तर तेच पैसे बरा लॅपटॉप आणि एका वर्षाचं नेट यांवर घाला. आणि सुट्टीत त्याला कुठल्यातरी खऱ्या रजिस्टरापाशी बसवा. काकाचं कृषी केंद्र असो, बचत गटाचा हिशोब असो. त्याच्या अर्जात 'मी आमच्या गावच्या बचत गटाचं पाच वर्षांचं कर्जखातं जुळवलं, त्यात या अडचणी आल्या' अशी दोन वाक्यं असली, तर मी तो अर्ज बाजूला काढून ठेवते. प्रमाणपत्रांची चळत मी शेवटी बघते.

त्यावरूनच एक काम सुचवते, आणि मग बसते. या मेळाव्यासाठी संयोजकांनी शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर उघडलं, त्यावरून आपली यादी केली. मुलींची लग्नानंतरची नावं शोधताना त्यांचा किती घाम निघाला ते त्यांनाच विचारा. ती रजिस्टरं मी काल पाहिली. कडा तुटायला आल्या आहेत, काही पानांवर शाई उडाली आहे. तुम्हाला वाटेल जुना कागद, असू द्या. पण जात पडताळणीच्या वेळी आजोबांची, पणजोबांची शाळेतली नोंद किती महत्त्वाची असते, हे इथल्या अनेक घरांना चांगलं ठाऊक आहे. अनुसूचित जमातीच्या दाव्यात तर १९५० पूर्वीची नोंद मिळाली की तिला फार वजन असतं. एक पान फाटलं की एखाद्या नातवाचा प्रवेश अडतो.

हे काम आताच्या नववी-अकरावीच्या मुलांकडून, शिक्षकांच्या देखरेखीखाली करून घेता येईल. आधी प्रत्येक पानाचा स्वच्छ फोटो. मग नोंद जशी आहे तशीच उतरवायची. अक्षर चुकलेलं दिसलं तरी दुरुस्त करायचं नाही, शेजारच्या रकान्यात शेरा लिहायचा. कारण 'माना' आणि 'मानी' यांतलं काय बरोबर हे ठरवण्याचा अधिकार उतरवणाऱ्याला नाही. एका मुलानं उतरवायचं, दुसऱ्यानं मुळाशी ताडून बघायचं. आणि ही यादी ग्रुपवर टाकायची नाही! त्यात जाती आहेत, जन्मतारखा आहेत. २०२३ चा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आहेच, पण कायदा नसता तरी टाकायची नसती. ती मुख्याध्यापकांच्या ताब्यात, ज्याची नोंद त्यानं किंवा त्याच्या वारसानं अर्ज केला तरच त्याला.

मुख्याध्यापक सरांशी सकाळी बोलले, त्यांची तयारी आहे. मुलांना पहिले तीन दिवस शिकवायला मी दिवाळीच्या सुट्टीत येईन. दोन जुने लॅपटॉप आणि एक स्कॅनर लागेल. ज्यांना देता येईल त्यांनी जेवणाआधी कोषाध्यक्षांच्या टेबलावर नाव लिहून जावं. तिथे वही ठेवली आहे, रकाने मी स्वतः आखलेत. (हशा, टाळ्या)